सोळावा की शेवटचा

आमच्या तालुक्यात धावण्याच्या शर्यतीत आयुष्यात एकदाही न हरलेला असा एकच पुरुष होऊन गेला. हे माझं मत नाही. आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवली आहे, तिच्यावर तसं कोरलं आहे आणि कोरलेल्या अक्षरांत काळा रंगही भरला आहे. संगमरवराशी वाद घालता येत नाही. त्या पुरुषाशी मात्र मी बरीच वर्षं वाद घातला, म्हणून त्याच्याबद्दल चार गोष्टी मला फरशीपेक्षा जास्त ठाऊक आहेत.

ते आमचे हेडमास्तर. त्यांची आठवण काढायची तर आधी त्यांचं बोट आठवतं. उजव्या हाताची तर्जनी कानाच्या पातळीवर सरळ उभी करायची, आणि क्रिकेटचा पंच फलंदाजाला बाद ठरवताना जसा दुसरीकडे बघतो तसं दुसरीकडे बघत म्हणायचं, "एक फेरी." शाळेच्या मैदानाला एक फेरी. मैदान म्हणजे प्रवरेच्या काठचं काळं रान, त्याच्या कडेने बाभळी आणि एका कोपऱ्यात कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी. गृहपाठ नाही, एक फेरी. टोपी नाही, एक फेरी. प्रार्थनेत खोकला आला, एक फेरी. दोन फेऱ्या त्यांनी कधी कुणाला दिल्या नाहीत आणि दिलेली एक कधी माफ केली नाही. गावातल्या दोन पिढ्या अशा गोल फिरून मोठ्या झाल्या.

तुम्हीही असे हेडमास्तर पाहिले असतील. पण शिक्षकाला फेरी देणारा पाहिला नसेल. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझी एस.टी. कोल्हारच्या पुढे पंक्चर झाली. मी पोचलो तेव्हा प्रार्थना संपत आली होती. सगळी शाळा ओळीत उभी. मी नवी टेरिलीनची पँट सावरत फाटकातून आत आलो आणि बोट वर गेलं.

"तुम्ही मराठीचे?"

"हो सर. गाडी पंक्चर..."

"मराठी, एक फेरी."

मला वाटलं विनोद आहे. त्यांच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं की विनोद हा विषय त्या शाळेत शिकवला जात नाही. मी पळालो. बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आत गेला, पोरं हसली, आणि गणिताचे शिक्षक, जे पुढे माझे मित्र झाले, ते सर्वांत मोठ्याने हसले. त्या दिवसापासून माझं हेडमास्तरांशी वैर जमलं. वैर जमायला लोकांना शेताचा बांध लागतो. आम्हाला मैदान पुरलं.

शिक्षकांना ते नावाने हाक मारत नसत. मी मराठी. मित्र गणित. भूगोल नावाचे एक गृहस्थ होते, ते बदलून गेले आणि दुसरे आले, तेही भूगोल. स्वतः ते इंग्रजी शिकवत, पण त्यांना इंग्रजी म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. खेळाचा तर त्यांना तिटकारा. कवायतीचा तास काढून त्यांनी तिथे व्याकरण घातलं होतं. पळणं ही त्यांच्या लेखी शिक्षा होती, आणि शिक्षेत कुणी मजा घेऊ नये याबद्दल ते दक्ष असत.

एकाहत्तर साली ते निवृत्त झाले. निरोपसमारंभ गावाने मोठा केला. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी लावून व्यासपीठ केलं, तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर सोसायटीचे चेअरमन. हे चेअरमन त्यांचेच जुने विद्यार्थी. शाळेत असताना त्यांना सगळ्यांत जास्त फेऱ्या मिळाल्या होत्या आणि त्यांतली एकही त्यांनी पुरी केली नव्हती. अर्ध्या वाटेवर बाभळीखाली बसून राहायचे. आता त्यांना पोट आलं होतं, आवाज आला होता आणि गावातला प्रत्येक ऊसवाला त्यांच्या शब्दाकडे बघून होता. त्यांनी अर्धा तास भाषण केलं. सरांनी आम्हाला घडवलं, सरांनी आम्हाला शिस्त लावली, आता सरांनी विसावा घ्यावा. मग शाल, नारळ, आणि शेवटी गावातर्फे भेट म्हणून एक काठी. शिसवी काठी, चांदीची मूठ.

हेडमास्तरांनी काठी हातात घेतली. वर-खाली पाहिली.

"ही कशाला?"

"आधाराला, सर," चेअरमन म्हणाले. "आता तुमी निवांत फिरायचं. सकाळी नदीपर्यंत जायाचं, सावकाश यायचं."

"सावकाश," हेडमास्तर म्हणाले. एवढंच म्हणाले. आभाराचं भाषण त्यांनी केलं नाही. लोकांना वाटलं, सरांचा कंठ दाटला. मी जवळ बसलो होतो. कंठ दाटलेला नव्हता, दात आवळलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पळायला लागले.

वेष असा: स्काउटच्या जमान्यातली खाकी अर्धी चड्डी, बंडी, डोक्याला काळी टोपी, पायात खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. हातात तीच शिसवी काठी, कुत्र्यांसाठी. चांदीची मूठ खालच्या बाजूला, कारण कुत्र्याला तीच जास्त लागते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं म्हणे, "पळा, पण पुढच्या दाराने नको." ते पुढच्याच दाराने पळाले.

आता गावाची पाळी होती, आणि गाव असली पाळी सोडत नसतं. स्टँडवरच्या हॉटेलात सकाळी चहाला बसणारे सगळे त्यांचे विद्यार्थी. सर येताना दिसले की बाकावरची बोटं वर जायची.

"सर, एक फेरी!"

"सर, टोपी तिरकी हाय. आनखी एक!"

तुम्हाला वाटेल ते मान खाली घालून जात असतील. ते थांबत. धापा टाकत बाकापाशी येत आणि बोलणाऱ्याकडे काठी रोखून म्हणत, "तू आठवीत असताना चाकोरीतून मधेच वळलास. मी खिडकीतून बघत होतो. तुझी अर्धी फेरी बाकी आहे." आणि पुढे पळत. हॉटेलात हशा व्हायचा, पण ज्याच्याकडे काठी रोखली होती तो त्यात नसायचा. वीस वर्षांपूर्वीची अर्धी फेरी अंगावर आल्यावर माणूस चहा बशीत ओततो आणि बशीकडेच बघत राहतो.

माझ्याबद्दल विचाराल, तर मी घराच्या खिडकीतून हे रोज बघत असे आणि मला पुष्कळ समाधान मिळत असे. पळताना ते वाईट दिसत. गुडघे बाहेर फेकले जात, तोंड उघडं, टोपी भिजलेली. माझ्या तळपायातला काटा त्या दृश्याने थोडा थोडा निघत होता.

पुढच्या वर्षी देवीच्या यात्रेच्या आधी चेअरमन त्यांच्याकडे गेले. बरोबर साक्षीला म्हणून शाळेतला एक माणूस हवा होता, तो मी.

"सर, यंदा यात्रेचं अध्यक्षपद तुमीच घ्यायचं. कमिटीनं ठरवलंय."

"अध्यक्ष काय करतो?"

"काय न्हाई सर. खुर्चीवर बसायचं. नारळ फोडायचा. पळायची शर्यत सुटली का झेंडा दाखवायचा."

"मग झेंडा तू दाखव. मी पळणार आहे."

"कुटं?"

"शर्यतीत."

चेअरमन हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की एकटेच हसत आहेत. "सर, लोक काय म्हनतील?"

"म्हणतील, सर पळाले."

"आन पडला-बिडला म्हंजे?"

"म्हणतील, पडले." मग ते माझ्याकडे वळले. "मराठी, मी कितवा येईन?"

"शेवटचे," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले, "पण बघायला हवं." आणि चेअरमनना म्हणाले, "मला आयुष्यात कुणी नंबर दिलेला नाही. मीच दिले. एकदा घेऊन बघायचा आहे. खुर्ची नको, नंबर पाहिजे. कळलं?"

चेअरमन म्हणाले कळलं. त्यांना काय कळलं ते पुढे दिसलंच.

शर्यत देवळापासून नदीच्या पुलापर्यंत आणि परत. पुलावर एक जण गुलालाची परात घेऊन उभा राहतो आणि वळणाऱ्याच्या कपाळाला गुलाल लावतो, म्हणजे मधूनच वळलेला ओळखू यावा. त्या वर्षी परात माझ्याकडे होती. वीसेक जण पळणार होते. त्यांत दूध डेअरीवरचा एक तरुण होता. कॅन चढवायला त्याला उशीर व्हायचा आणि रोज सकाळी तो सुटलेल्या टेम्पोमागे पळायचा. तो पहिला येणार याबद्दल गावात दुमत नव्हतं.

देवळाकडे ताशा वाजला. मी रस्त्याकडे डोळे लावून उभा. पुष्कळ वेळाने हेडमास्तर दिसले. एकटे, सर्वांच्या पुढे, गुडघे बाहेर फेकत. त्यांच्या मागे हातभर अंतर राखून उरलेली सगळी शर्यत. कुणी जागच्या जागी पाय उचलत होतं, कुणी शेजारच्याशी गप्पा मारत होतं. वरात निघाली आहे आणि नवरदेवाला घोडा मिळालेला नाही, असं ते दृश्य होतं. हेडमास्तर वळले. मी गुलाल लावला. त्यांना बोलण्याइतका दम नव्हता, मागे बघण्याइतका तर नव्हताच. डेअरीवाल्याला गुलाल लावताना तो हळूच म्हणाला, "मास्तर, जरा जोरात पळा म्हनावं त्यांना. हळू पळून पळून पाय भरून आलं आमचं."

"मग पुढे जा की!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला देवळात चपला घालून जायला सांगितलं होतं.

मी परात तिथेच ठेवून देवळाशी पोचलो तेव्हा ताशा टिपेला गेला होता. हेडमास्तर पहिले आले होते. चेअरमन त्यांच्या डोक्याला बक्षिसाचा फेटा गुंडाळत होते. लोक टाळ्या वाजवत होते, काही बायका डोळे पुसत होत्या. हेडमास्तर हळूहळू श्वासावर आले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. वीस जण ओळीत उभे. एकाच्याही अंगाला घाम नाही.

ते डेअरीवाल्यापाशी गेले. "तुला दम का लागला नाही?"

तो जमिनीकडे बघायला लागला.

"माझ्या पुढे का गेला नाहीस?"

"सर, तुमच्या म्होरं कसं जायाचं? तुमी सर हायेत."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई सर." तो खरं बोलत होता. कुणी कट केला नव्हता. चेअरमनने इतकंच म्हटलं होतं, की सरांचा मान राखा. ते म्हटलं नसतं तरी राखला असता. रस्त्यात सर दिसले की सायकलवरून उतरणारी ती माणसं, शर्यतीत त्यांच्या पुढून कशी जाणार? ज्या बाकावरून रोज "एक फेरी" ओरडायचे तेच हे. टिंगल करायला त्यांची हरकत नव्हती. पुढे जायला होती.

हेडमास्तरांचं तोंड मी माझ्या फेरीच्या दिवशी पाहिलं होतं, तसं झालं. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला. बोट वर गेलं.

"एक फेरी. सगळे."

ताशा बंद पडला.

"पुलापर्यंत. आत्ता. चेअरमन, तूसुद्धा."

आणि मंडळी, ते पळाले. ज्यांना लग्न होऊन दोन दोन मुलं होती ते पळाले. या वेळी खरे पळाले, छाती फुटेस्तोवर, कारण आता हा मान राखण्याचा प्रश्न नव्हता, सरांनी फेरी दिली होती. डेअरीवाला बाकीचे अर्ध्या वाटेत असताना परत आला. हेडमास्तरांनी फेटा त्याच्या डोक्याला बांधला. चेअरमन जरीचं उपरणं सावरत गेले आणि दिसेनासे झाले. नंतर ते वाटेत एका बाभळीखाली बसलेले सापडले.

पण स्पीकरवर आणि गावाच्या तोंडी पहिला नंबर सरांचाच राहिला. ते चेअरमनने आधीच जाहीर करून टाकलं होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. पळणं चालू होतं, पण हॉटेलापाशी थांबणं बंद. मग एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी आत आले नाहीत.

"मराठी, तुमचं माझ्याबद्दल मत काय आहे?"

ते निवृत्त झाले होते. माझा गोपनीय अहवाल आता दुसरे लिहीत होते. "वाईट," मी म्हणालो.

"किती?"

"बरंच."

"ठीक. या गावात माझ्याबद्दल वाईट मत पुष्कळांचं आहे, पण ते हांजी हांजी करतात. तुम्ही तोंड वाकडं करता. मला असाच माणूस पाहिजे. चैत्रात पाथर्डीकडे एक यात्रा असते. तिथं मला कुणी ओळखत नाही. मी पळणार. कितवा आलो ते तुम्ही बघायचं आणि मला सांगायचं."

"मी का यावं?"

"कारण मी हरलेला तुम्हाला बघायचा आहे," ते म्हणाले.

हे इतकं खरं होतं की मला नाही म्हणता आलं नाही.

तो बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. आमच्याकडे कालव्याच्या कृपेने ऊस तरी हिरवा होता. नगरला गाडी बदलून पूर्वेला निघालो तसा हिरवा रंग संपला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं खडी फोडत बसलेली. ऊसतोडीला गेलेली घरं नुकतीच परतली होती, ती थेट पाझर तलावाच्या कामावर. हेडमास्तर खिडकीतून बघत होते. मला वाटलं काहीतरी गंभीर बोलतील. ते म्हणाले, "ही माणसं चांगली पळणार. काटक आहेत." मला मनातून बरं वाटलं, की हा गृहस्थ अजून तितकाच अरसिक आहे.

यात्रा लहानच होती. कमिटी एका लिंबाखाली बसली होती. पहिलं बक्षीस पितळेची कळशी. त्या भागात पाणी नव्हतं, पण कळशी होती. कमिटीतल्या म्हाताऱ्याने हेडमास्तरांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बाबा, तुमी कुटं पळता ह्या उन्हाचं? बसा सावलीला. पानी देऊ का घोटभर?"

"पळायचं आहे."

"मरताल की!"

"ते माझं मी बघतो. पळू देता की नाही?"

"पळा बापा," म्हातारा म्हणाला. "आमच्या काय बापाचं जातंय?"

हेडमास्तर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. "'बाबा' म्हणाला. ऐकलंत? 'सर' नाही म्हणाला."

पळणाऱ्यांना खडीच्या ट्रकमध्ये घालून लांब एका फाट्यावर सोडायचं आणि तिथून त्यांनी डांबरी रस्त्याने देवळापर्यंत पळत यायचं, अशी तिथली रीत. ट्रकमध्ये सतरा जण चढले. सोळा अनवाणी, एक खडूने पांढऱ्या केलेल्या बुटांत. काठी, चष्मा आणि टोपी माझ्याकडे. टोपीशिवाय त्यांना मी प्रथमच पाहिलं. डोकं लहान होतं.

पहिला आला तो बाण सुटल्यासारखा आला, कळशी घेतली आणि तशीच घेऊन टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मग बाकीचे आले. एक, दोघे, मग एकदम पाच-सहा. प्रत्येकाला कमिटी दुष्काळी कामावर वाटतात ती सुकडी, म्हणजे गोड कोरडं पीठ, मूठभर देत होती. पंधरावा आला आणि मग रस्ता मोकळा झाला. फार वेळ मोकळा राहिला. कमिटीने सतरंजी झटकली. मला यायला हवा होता तो आनंद अजून आला नव्हता. उन्हामुळे असेल.

मग ते दिसले. पळत होते. चालत नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण त्यांनी मला त्यासाठीच नेलं होतं. अतिशय हळू, अतिशय वाईट, गुडघे बाहेर फेकत, पण पळत होते. लोक कडेला सरले. एका बाईने "पळ रं म्हाताऱ्या!" म्हणून ओरडा केला. "रं" म्हणाली ती. आमच्या गावात कुणी असं म्हटलं असतं तर देवळातली घंटा आपोआप वाजली असती.

लिंबाखाली पोचल्यावर त्यांनी खोडाला हात टेकला. बोलता येईना. शेवटी बोट वर करून भुवया उंचावल्या. म्हणजे, कितवा?

"सोळावा."

"किती जणांत?"

"सतरा."

त्यांनी हिशोब केला. गणिताला विचारायची गरज नव्हती. "म्हणजे एक जण माझ्या मागे आहे."

"दिसतंय तसं."

"खरोखर मागे? मुद्दाम नाही?"

"इथं तुमच्यासाठी कोण मुद्दाम मागे राहतो?"

ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. चष्मा लावला, काठी घेतली, पण टेकली नाही. कमिटी उठली. मी म्हटलं, चला, नगरची गाडी चुकेल. ते म्हणाले, "थांबा. त्याला येऊ द्या. आल्यावर इथं कुणी नको का?" आयुष्यभर उशिरा येणाऱ्याची फाटकात वाट बघणारा हा माणूस. या वेळी बोट खाली होतं.

तेवढ्यात एस.टी. आली. दार उघडलं. आतून एक बंडीतला तरुण उतरला, अनवाणी, अंगावर धूळ, आणि जराही न लाजता लिंबाकडे येत म्हणाला, "सुकडी संपली का?"

तो सतरावा होता. वाटेत गाडी दिसली, हात केला, कंडक्टर गावातलाच निघाला.

परतीच्या गाडीत आमचं भांडण जुंपलं.

"तो गाडीत चढला," मी म्हणालो, "म्हणजे पळणारे सोळाच. सोळांत तुम्ही सोळावे. म्हणजे शेवटचे."

"ट्रकमध्ये सतरा चढले होते. तो गाडीत चढला, मी चढलो नाही. मी सोळावा, तो सतरावा."

"तो तुमच्या आधीही पोचू शकला असता!"

"मग लवकरची गाडी पकडायची होती त्याने."

"शेवटचे."

"सोळावा."

"पाव्हणं," कंडक्टर तिकिटाचा पंच खटखटवत म्हणाला, "भांडायचं तर खाली उतरून भांडा. मानसं झोपल्यात."

मग ते काठी गुडघ्यांत धरून बसले. खिडकीबाहेर बघत, हळू आवाजात म्हणाले, "मराठी, समजा शेवटचा. पण नक्की शेवटचा ना? कुणी थांबलं नाही?"

"कुणी थांबलं नाही. एक जण तर बसने गेला."

"हां," ते म्हणाले, आणि हसले. त्यांचे दात मी त्या दिवशी प्रथम पाहिले. वरचा एक पडलेला होता. नगर येईपर्यंत ते माझ्या खांद्यावर झोपले. खांदा अवघडला, पण मी हलवला नाही. हलवला असता तर जागे होऊन पुन्हा सोळावा सुरू झालं असतं.

त्यानंतर रोज सकाळी माझ्या खिडकीवरून पळताना ते ओरडत, "सोळावा!" मी आतून, कपातून तोंड वर न काढता, "शेवटचा!" आमच्या घरात घड्याळ लावायला याचा उपयोग होई. माझी बायको म्हणायची, तुम्हा दोघांना काही कामधंदा नाही. हेडमास्तरांना होता. पुढच्या चैत्रात पंधरावा यायचं त्यांनी ठरवलं होतं. तशी तयारी चालली होती. नदीच्या वाळूत पळत, चढावर पळत, आणि कुत्र्यांना आता काठीऐवजी वेगाने चुकवत. हॉटेलातली बोटंही थकून खाली आली होती. न चिडणाऱ्या माणसाला चिडवण्यात गावाला गोडी राहत नाही.

माघात एका सकाळी खिडकीतून आवाज आला नाही. चहा निवला. दुसऱ्या दिवशी कळलं, कावीळ झाली आहे.

मी गेलो. खाटेवर पडले होते, डोळे हळदीसारखे. काकूंनी मला स्टूल दिलं आणि आत गेल्या. माणूस इतका आकसला होता की मला वैर आठवायला त्रास पडला. मी म्हणालो, "सर, त्या दिवसाचा मी नंतर विचार केला. तुमचं बरोबर होतं. तुम्ही सोळावेच."

ते कोपरावर उठले. एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"मी आजारी आहे म्हणून म्हणता?"

मी काकू गेल्या त्या दाराकडे बघितलं.

"तुम्हीही? मराठी, एवढ्यासाठी नेलं होतं का मी तुम्हाला?"

"शेवटचे," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले आणि मागे टेकले. "आता कसं."

आठवड्याने ते गेले. गावात आता सांगतात, की सर पळता पळता गेले. ते खाटेवर गेले. पळता पळता जाणं त्यांना आवडलं नसतं, फेरी अर्धी राहिली असती.

शोकसभेला ट्रॉली उलटी लावली होती. तसबिरीजवळ हार घातलेली शिसवी काठी, सरांची लाडकी, जन्माची सोबती वगैरे. चांदीच्या मुठीला कुत्र्यांनी पाडलेले पोचे होते, ते हाराखाली झाकले गेले. चेअरमन म्हणाले, सर जीवनाच्या शर्यतीत पहिले आले, गावाच्या शर्यतीत पहिले आले, सरांना हार ठाऊक नव्हती. लोक माना डोलावत होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो आणि एकच वाक्य बोललो, की सर पाथर्डीकडच्या शर्यतीत शेवटचे आले होते. मग बसलो.

चेअरमन माझ्या कानाशी वाकले. "मास्तर," ते म्हणाले, "गेलेल्या मानसाशी तरी वैर धरू नगा." गणिताचे शिक्षक सबंध वाटभर माझ्याशी बोलले नाहीत. मला मराठी म्हणून हाक मारणारं त्यानंतर कुणी राहिलं नाही. सगळे नावानेच हाक मारतात. मी चटकन ओ देत नाही.

पुढच्या वर्षी फरशी बसली, आणि देवीच्या यात्रेतल्या शर्यतीला सरांचं नाव दिलं. सरांना खरी श्रद्धांजली म्हणून त्या शर्यतीत चेअरमन स्वतः पळाले.

ते पहिले आले.